जुना सर्व्हर बंद करण्याआधी
(पेणच्या काकांनी रोह्याच्या पुतणीला दिलेले कानमंत्र)

पहिले काही दिवस कीबोर्डला हात लावू नकोस. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात जुनी संगणक यंत्रणा उतरवून नवी चढवायच्या कामावर तुला घेतलंय, रोह्याला घरी पेढे वाटून झाले, सगळं छान. पण तुझ्या या काकाचं आयुष्य वीज मंडळात गेलंय. (6 जून 2005 ला मंडळाच्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘मंडळ’च आहे.) तेव्हा चार गोष्टी ऐक, मग तुझ्या मनाला येईल ते कर.

आधी कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला जाऊन बस. स्क्रीन तुला व्हेंडर दाखवेलच, आणि चांगला सजवून दाखवेल. तू स्क्रीनच्या आजूबाजूला काय आहे ते बघ. टेबलावरच्या काचेखाली फोन नंबरांचा पिवळा पडलेला कागद असेल. लॉगशीटच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने आकडे मांडत असेल. एखाद्या सहाय्यक अभियंत्याने कधीतरी बनवून ठेवलेली एक्सेल शीट असेल, तो बदली होऊन गेला तरी सकाळचा अहवाल त्याच शीटमधून निघत असेल. जुन्या यंत्रणेला जे जे जमलं नाही ते माणसांनी या कागदांवर आणि शीटवर आणून ठेवलेलं असतं. नव्या यंत्रणेत काय हवं त्याची खरी यादी तिथे आहे. मुख्य कार्यालयातल्या बैठकीत जी यादी बनते त्यात यातलं निम्मंही येत नाही, कारण रात्रपाळीचा माणूस त्या बैठकीला नसतो, तो घरी झोपलेला असतो.

आणि विचारताना ‘हे कशाला लिहिता?’ असं विचारू नकोस. त्याला वाटतं, पोरगी आपलं काम काढायला आली. ‘हे लिहिलं नाही तर काय होतं?’ असं विचार. मग बघ कशा गोष्टी बाहेर येतात. एकाच पाळीला विचारून थांबायचं नाही. तिन्ही पाळ्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर समज की कामाची जागा सापडली.

आता नावांबद्दल. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण हिशेब चुकला तर दुरुस्त होतो, इथली चूक माणसाच्या जिवावर जाते.

लाइनवर काम करायचं तर आधी परमिट लागतं, हे तुला पुस्तकातून माहीत आहे. लाइन बंद करायची, आयसोलेटर उघडायचे, दोन्ही टोकांना अर्थिंग करायचं, मग माणूस वर चढतो. मधल्या प्रत्येक पायरीला फोन. अलीकडचा ऑपरेटर नाव सांगतो, पलीकडचा तेच परत वाचून दाखवतो, दोघंही वेळ आणि कोड नंबर आपापल्या वहीत टिपतात. ही सगळी साखळी एका नावावर उभी आहे. कंट्रोल रूमच्या पडद्यावरचं नाव, यार्डातल्या पाटीवर रंगवलेलं नाव आणि लाइनमनच्या तोंडातलं नाव, ही तिन्ही एकच असली पाहिजेत.

नवी यंत्रणा आली की कोणाला तरी नावं सुबक करायची हुक्की येते. जुनी नावं खरंच ओबडधोबड असतात: गावाचं नाव, त्याला लागलेला आकडा, कुठे बंद पडलेल्या कारखान्याचं नाव फीडरला तसंच चिकटलेलं. मग प्रमाणित नावांचा तक्ता बनतो आणि एका रात्रीत शेकडो नावं बदलतात. यार्डातली पाटी मात्र जुन्याच रंगाची. दुसऱ्या दिवशी ‘लाइन 1’ म्हणजे जुन्या हिशेबातली 2, हे पडद्यासमोरच्याला माहीत आणि खांबाखाली उभ्या असलेल्याला माहीत नाही. असं होऊ द्यायचं नाही. आधी पाटी रंगवायची, मग पडद्यावरचं नाव बदलायचं, आणि तेही एकेका उपकेंद्राचं. ज्या दिवशी नाव बदलेल त्या दिवशी त्या उपकेंद्रात नियोजित परमिट घ्यायचं नाही. आणि प्रत्येक पडद्यावर जुनं नाव बाजूला लहान अक्षरात ठेवायचं. व्हेंडर म्हणेल की त्याने पडदा गचाळ दिसतो. दिसू दे.

नावं तपासायला स्वतः यार्डात जा. सिंगल लाइन डायग्राम हातात घे, हेल्मेट घाल, तिथल्या यंत्रचालकाला बरोबर घे आणि एकेका बेसमोर (म्हणजे एकेका लाइनीच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या यार्डातल्या जागेसमोर) उभी राहा. नकाशात असलेले काही बे कधी उभेच राहिलेले नसतात. ‘स्पेअर’ लिहिलेल्या बेवरून भलतीच लाइन चालू असते. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. तुमच्या नव्या यंत्रणेत स्टेट एस्टिमेटर असणार. ठिकठिकाणच्या मोजमापांवरून तो सगळ्या ग्रिडचं चित्र गणिताने जुळवतो. एखादा ब्रेकर कागदावर बंद आणि जागेवर उघडा असला की त्याचं गणित फिसकटतं. मग ऑपरेटर त्याच्याकडे बघणं सोडून देतो, आणि तेवढा खर्च करून आणलेली सोय कोपऱ्यात पडून राहते.

आपल्या भागाची एक खोड लक्षात ठेव. देशातल्या बऱ्याच भागात 132, 33, 11 केव्ही अशी उतरंड असते, आणि बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये निवडायच्या यादीत तेच आकडे भरलेले असतात. रायगड-ठाण्याकडे 100 केव्हीच्या लाइनी आहेत, आणि खाली वितरणाला 22 केव्ही. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईला नेली ती 100 केव्हीवर, तेव्हापासूनचा हा वारसा, असं आम्ही मानतो. यादीत 100 सापडलं नाही की डेटा भरणारा मुलगा जवळचं म्हणून 110 निवडतो. तसं केलं की पर-युनिटमध्ये व्होल्टेज सुमारे नऊ टक्क्यांनी खाली दिसतं आणि व्होल्टेज कायम कमी असल्याचा अलार्म वाजत राहतो. यादीत आकडा घालून घे. ‘नंतर करू’ म्हणाले तरी सोडू नकोस.

तसंच विचित्र कोडचं. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या फीडरच्या रीडिंगला कारण नसताना दोनने गुणलेलं दिसेल. नव्या मुलांना ती चूक वाटते आणि ते ती काढून टाकतात. अशा एका जागी कारण शोधलं तेव्हा कळलं की कधीकाळी जळालेल्या सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) जागी दुसऱ्या गुणोत्तराची सीटी बसली होती आणि मीटरमध्ये गुणांक बदलायचा राहिला होता. ते कोणीतरी वरच्या प्रोग्रॅममध्ये सावरून घेतलं. ‘दुरुस्ती’ झाल्यावर त्या फीडरचा भार कागदावर निम्मा झाला. कोडमधलं वेडंवाकडं काढायचंच आहे, पण त्यामागे यार्डात काय आहे ते बघून, आणि दोन्हीकडे एकाच दिवशी.

वेळेचं सांगतो, थोडक्यात. आपला व्यवहार पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकांवर चालतो, दिवसाला 96. ऑक्टोबर 2021 पासून राज्यात विचलनाचा हिशेब नव्या डीएसएम नियमांनी होतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी-जास्त वीज घेतली की त्या त्या ब्लॉकचे पैसे लागतात. आता ‘10:15’ असा शिक्का असलेला आकडा सव्वादहाला संपलेल्या ब्लॉकचा की तिथून सुरू झालेल्याचा? जुनी यंत्रणा एक धरते, नवी दुसरं. बेरीज दिवसाअखेर जवळपास जुळते म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि पैसे मात्र ब्लॉकागणिक चुकतात. शिवाय परदेशी सॉफ्टवेअर आत ग्रीनिचची वेळ ठेवतं. आपली मध्यरात्र त्याच्या घड्याळात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. तासाच्या खणांत आकडे भरणाऱ्या प्रोग्रॅमला आपला अर्धा तास पचत नाही. पहिल्या चाचणीत रात्री बारा ते एकचे आकडे हाताने मोजून बघ, बाकीचे नंतर.

पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आहे, त्याच्या विद्युत भट्ट्या तू लहानपणी लांबून पाहिल्या असशील. भट्टी लागली की भाराचा काटा नाचतो. अनुभवी ऑपरेटर तो नाच ओळखतो. कधी भट्टी चालली आहे आणि कधी खरंच काही बिघडतंय, हे त्याला पडद्यावरच्या हालचालीवरून कळतं. नव्या यंत्रणेत डेटा कमी यावा म्हणून डेडबँड वाढवतात, म्हणजे आकडा अमुक इतका बदलला तरच उपकेंद्रातल्या आरटीयूने तो वर पाठवायचा. कागदावर ही काटकसर शहाणपणाची दिसते. पण भट्टीचा नाच सपाट होतो आणि ऑपरेटरच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते जातं. डेडबँड ठरवताना सगळीकडे एकच आकडा टाकू नका. डोलवीचा वेगळा, धाटावच्या रासायनिक कारखान्यांचा वेगळा, नागोठण्याच्या 400 केव्हीचा वेगळा.

अलार्मवर एक परदेशातली गोष्ट सांगतो, तुझ्याच खात्याची आहे. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका-कॅनडात पाच कोटी लोक अंधारात गेले. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये दुपारी सव्वादोनच्या सुमाराला अलार्म देणारा प्रोग्रॅम मुका झाला होता. लाइनी एकामागोमाग पडत होत्या आणि पडद्यावर शांतता. बाहेरून फोन येत होते, तरी ऑपरेटरना वाटत होतं की आपल्याकडे सगळं ठीक आहे. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढची वाटते: सर्व्हर पडल्याचं कॉम्प्युटर विभागाला कळलं होतं, त्यांनी तो पुन्हा चालूही केला, पण अलार्म परत आले का, हे कंट्रोल रूममधल्यांना विचारलं नाही. तेव्हा तू कॉम्प्युटरवाली असशील तर एवढं कर. काही बंद पडलं, चालू केलं, हलवलं, की आधी उठून ऑपरेटरकडे जा. ईमेल नंतर. आणि अलार्म यंत्रणा जिवंत आहे हे दाखवणारी काहीतरी हालचाल पडद्यावर सतत असू दे, थांबली की चटकन दिसेल अशी.

जुन्या अलार्मांची यादी नव्या यंत्रणेत जशीच्या तशी ओतू नकोस. ऑपरेटरला विचार, यातले कुठले अलार्म तू न वाचता पुसतोस? सांगायला आधी लाजेल, चहा पाज, सांगेल.

जुनं आणि नवं समांतर चालवायचं, हे तुला कोणीही सांगेल. किती दिवस, यावरच भांडण असतं. व्हेंडरला महिना पुरतो. मी म्हणतो, कोकणातला निदान एक जून त्यात आलाच पाहिजे. पावसाच्या तोंडावर इन्सुलेटरवर खार आणि धूळ बसलेली असते, हवा दमट होते, आणि लाइनी पटापट ट्रिप होतात. एका तासात जेवढे अलार्म येतात तेवढे हिवाळ्यात आठवड्यात येत नाहीत. नवी यंत्रणा त्या तासात गुदमरते का, ते तेव्हाच कळतं. दोन्ही यंत्रणांच्या आकड्यांत फरक आला तर नुसता ‘इतके टक्के फरक’ असं लिहून सही करू नका. प्रत्येक फरकाचं कारण लिहायचं. बऱ्याचदा जुनीच यंत्रणा चुकत असते, आणि ते कबूल करून घेणं नव्याची चूक शोधण्यापेक्षा अवघड जातं.

प्रत्यक्ष बदलाची तारीख कोकणापुरती विचारशील तर दिवाळीनंतर. श्रावणात तर विषयच नको, पेणला गणपतीच्या कारखान्यांत रात्र रात्र दिवे आणि कॉम्प्रेसर चालू असतात. रोह्याला दसऱ्याच्या सुमाराला धावीर महाराजांची पालखी निघते, त्या रात्री गाव झोपत नाही. पण तुझं केंद्र राज्याचं आहे. आपल्याकडे नोव्हेंबर निवांत असतो, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात रब्बीचे पंप जोरात चालू असतात. सगळ्यांना सोयीची एक तारीख नाहीच, म्हणून विभागवार जा. आपल्या रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, गाडीतल्या माणसाला पत्ता लागत नाही, तसं व्हायला हवं. एका विभागाचा डेटा नव्या यंत्रणेत, शेजारचा अजून जुन्यात, आणि मधल्या सांध्यावर दोघांचे आकडे जुळताहेत. हा सांधा बांधायला पैसे लागतात आणि काम संपल्यावर तो फेकून द्यायचा असतो, म्हणून अंदाजपत्रकात कोणी धरत नाही. तू धरून घे.

जुना अहवाल बंद करण्याआधी तो कोणाकडे जातो ते शोध. तुमच्या तरुण लोकांत एक पद्धत आहे, अहवाल बंद करायचा आणि कोण ओरडतंय ते बघायचं. सोपी आहे, पण ग्रिडमध्ये ओरडणारा फार लांब असतो. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात वीज केव्हा बनवायची यावर कुंडलिका नदीत पाणी केव्हा येणार हे ठरतं. खाली कोलाडचे राफ्टिंगवाले त्याची वाट बघतात, धाटावला तेच पाणी लागतं. असा एखादा वेळापत्रकाचा कागद कुठून कुठे फिरत फिरत पोचतो, हे वरच्या कार्यालयात माहीत नसतं. फोन करून विचार. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

वितरणातल्या तुझ्या मैत्रिणीसाठी जाता जाता एक. ग्राहकांची यादी साफ करताना ‘सारखी नावं एक करा’ असा हुकूम संगणकाला देऊ नका. पेणच्या खाडीपट्ट्यात एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले, चार पाटील आणि तीन म्हात्रे निघतात. संगणकाने त्यांना एक माणूस केलं तर वसुली कोणाकडून करणार?

सुरक्षेचं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. त्यामागे सायबर हल्ला होता असा संशय राज्याच्या सायबर विभागाने पुढे मांडला, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. वाद बाजूला ठेव. त्या दिवसापासून तुमच्या कामात एक प्रश्न कायमचा आला: यंत्रणा कोणाच्या हातात आहे? व्हेंडरला घरबसल्या आत शिरता येईल अशी वाट ‘तात्पुरती’ म्हणून उघडतात आणि ती वर्षानुवर्षं उघडी राहते. ती उघडताना कोणी, किती वेळासाठी, याची नोंद आणि बंद केल्याची सही, दोन्ही घे. पेनड्राइव्हवरून कोणाशी वाईटपणा घ्यावा लागला तर खुशाल घे.

युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 ला हल्लेखोरांनी तीन वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून ब्रेकर उघडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण तिथली माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले. आपल्याकडे 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, रोह्याकडे फीडरचा पत्ता लागला तो रस्त्याने चालत गेलेल्या माणसांमुळे. म्हणून नवी यंत्रणा आल्यावर उपकेंद्रातली माणसं कमी करा, हा हिशेब कोणी तुझ्या अहवालाच्या आधारे मांडत असेल तर सही करायच्या आधी दहादा विचार कर. आणि वर्षातून एकदा तरी पडदे बंद ठेवून, फोन आणि वहीवर पाळी चालवायचा सराव ठेवायला लाव. हसतील. लाव.

व्हेंडरशी करार करताना तीन गोष्टी माग: आपला डेटा आपल्याला हव्या त्या वेळी, दुसऱ्याला वाचता येईल अशा स्वरूपात मिळाला पाहिजे, आरटीयूशी बोलणं खुल्या प्रमाणित प्रोटोकॉलवर झालं पाहिजे, त्यांच्या खासगी भाषेत नको, आणि करार संपल्यावर दुसऱ्याच्या हाती यंत्रणा द्यायला किती दिवस ते थांबणार, हे आजच लिहिलेलं पाहिजे. जुन्या यंत्रणेत आपण अडकलो ते तंत्रज्ञान जुनं झालं म्हणून कमी, या तीन ओळी करारात नव्हत्या म्हणून जास्त. निदान माझं तरी मत असं आहे, कार्यालयात बोलू नकोस.

बदलाच्या रात्री तू स्वतः कंट्रोल रूममध्ये थांब, आणि व्हेंडरच्या माणसाला परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढू देऊ नकोस. काय झालं तर मागे फिरायचं, आणि तो निर्णय कोण घेणार, हे आदल्या दिवशी एका कागदावर लिहून भिंतीला लाव. पहाटे तीनला त्यावर चर्चा होत नाही. आणि नोव्हेंबरात नवी यंत्रणा सुरू झाली तरी जुन्या सर्व्हरची वीज पुढच्या पावसाळ्याचा पहिला महिना सरेपर्यंत काढू नकोस, जागा अडते म्हणून कोणी कितीही फोन केले तरी.